बावीस चाव्या, एक वाटी भात

सहदेव धुरीने आयुष्याची चौतीस वर्षं घाटकोपरच्या टेकडीवर पाणी सोडलं. पालिकेच्या पाणीखात्यात तो चावीवाला होता. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि आतला व्हॉल्व्ह फिरवायचा, हे त्याचं काम. त्याने चावी फिरवली की वस्तीत हंडे-बादल्यांचा खडखडाट व्हायचा आणि फिरवायला उशीर झाला की लोक त्याच्या नावाने खडे फोडायचे. व्हॉल्व्हच्या जागेलाही चावीच म्हणत, आणि त्याच्या वाट्याला अशा बावीस चाव्या होत्या. पहिली खाली भटवाडीच्या नाक्यावर, आणि बाविसावी पार माथ्यावर, मालनमावशीच्या दारासमोर. पहाटे निघालेला माणूस नऊ-साडेनऊला घरी यायचा. मग बायको सुलक्षणा त्याच्या ताटात भाताचा डोंगर वाढायची आणि तो डोंगरही सहदेव बिनबोभाट पार करायचा.

पुढे तो रिटायर झाला. टेकडी सुटली, भात काही सुटला नाही. चार वर्षांत पँटची बटणं पट्ट्याच्या भरवशावर राहिली आणि सोफ्याला त्याच्या आकाराचा खड्डा पडला. पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्याला दुसरी नोकरी लागली होती. नात जान्हवी शाळेत जायला लागली होती आणि दुपारी साडेबाराला तिला घरी आणायचं काम आजोबांकडे आलं होतं. अर्ध्या किलोमीटरचा रस्ता. पण जान्हवीच्या चौकशा एवढ्या असायच्या की त्या रस्त्याला अर्धा तास लागायचा. रस्त्यातल्या प्रत्येक झाकणाखाली काय आहे हे सांगणारा आजोबा वर्गात दुसऱ्या कोणाकडेही नव्हता, त्यामुळे तिचाही भाव वधारलेला होता.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, चष्म्याच्या दुकानासमोर सहदेवला घेरी आली. डोळ्यांपुढे काळोख झाला. तो कसाबसा फूटपाथच्या कडेला बसला. जान्हवी तेव्हा सहा वर्षांची. ती रडली नाही. तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्याच्या ओठांना लावली आणि त्याचं बोट धरून उभी राहिली. समोरचा औषधवाला धावत येईपर्यंत आणि तिच्या डायरीतला नंबर बघून तिच्या बापाला, नीलेशला, फोन लावेपर्यंत तिने ते बोट सोडलं नाही. त्या दिवशी सहदेवची साखर निघाली तीनशे चाळीस. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला तेव्हाच कळलं.

नीलेश हा काही वाईट मुलगा नव्हे. अंधेरीला विमा कंपनीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात खुर्चीत बसतो, आईबापांना धरून राहतो, आवाज चढवत नाही. त्या रात्री जेवणानंतर तो एवढंच म्हणाला, “बाबा, उद्यापासून जान्हवीला व्हॅन लावतोय. सकाळी पण आणि दुपारी पण.”

“किती दिवस?” सहदेवने विचारलं.

“तुमची ती तीन महिन्यांची साखर असते ना, ती आत्ता नऊ पॉइंट दोन आहे. सातच्या खाली आणा. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा बघू.”

अख्ख्या टेकडीने ज्याच्या हाती पाणी सोपवलं, त्याच्या हाती पोटचा पोरगा स्वतःच्या लेकीचं बोट द्यायला तयार नव्हता. ह्याचं सहदेवला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट ह्याचं वाटलं की पोराचं बरोबर होतं.

डॉक्टर अनुपमा ह्यांचा दवाखाना नाक्यावरच होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन गोष्टी सांगितल्या. भात कमी करा, रोज चाला, चहात साखर नको. आता सहदेवला आयुष्यभराची सवय अशी की व्हॉल्व्ह एकतर उघडा नाहीतर बंद. ‘कमी’ हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. घरी येऊन त्याने जाहीर केलं, “भात बंद. आजपासून शितय तोंडात घालूचंय नाय.”

सुलक्षणाला ते ऐकून धस्सच झालं. माणूस मालवणचा, त्यात आजारी, आणि म्हणे भात बंद. मग जगणार कशावर? पण ती हिकमती बाई. सकाळी नाश्त्याला तिने गरम गरम घावणे घातले. अकराला, आजारी माणसाला बरी म्हणून, वाडगाभर पेज. दुपारी माशाच्या कढीबरोबर तांदळाच्या मऊसूत भाकऱ्या, तीन. संध्याकाळी आंबोळ्या. रविवारी जिभेला बदल हवा म्हणून नारळाच्या रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. एवढं सगळं करून ती समाधानाने म्हणायची, “बिचाऱ्यांनी भात कसो सोडल्यानी बघा.” आणि सहदेवही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा की तीन महिने झाले, भाताला शिवलो नाही.

हे वाचून कोणी कपाळाला हात लावला असेल, तर त्याने जरा थांबावं. ही दोघं लबाड नव्हती. त्यांच्या गावी भात म्हणजे ताटात वाफाळत येतो तो. पेज ही पेज असते, ती तापातून उठलेल्याला द्यायची. घावणे हे घावणे. पाहुणा दारात आला आणि त्याला नुसते घावणे खाऊ घातले तर ‘न जेवताच गेला’ म्हणून घरची बाई चार दिवस हळहळते. तांदळाचं पोतं रिकामं होण्याचा वेग मुळीच कमी झालेला नाही, हे सुलक्षणाच्या लक्षात आलं होतं. तिने त्याचा दोष उंदरांना दिला.

चालण्याचंही असंच झालं. पहिले तीन दिवस सहदेव इमारतीजवळच्या बागेत गेला. लोक तिथे गोल गोल फिरत होते. चौथ्या दिवशी तो सुलक्षणाला म्हणाला, “देवळाक प्रदक्षिणा घालतत, वडाक घालतत. आपल्याच पोटाक कोण घालता?” काम नाही आणि नुसतं चालायचं हे त्याला पटेना. पाचव्या दिवशी सकाळी पाय आपोआप भटवाडीच्या नाक्याकडे वळले. पहिल्या चावीपाशी तो थांबला, झाकणावर चपलेने हलकेच टकटक केलं आणि पुढे निघाला. दुसरी, तिसरी, चौथी. चावी आता नव्या माणसाकडे होती आणि मोकळ्या हातांनी त्या वाटेने जाणं त्याला चमत्कारिक वाटत होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याने लांब दांड्याची छत्री बरोबर घेतली. डिसेंबरात छत्री घेऊन टेकडी चढणाऱ्या सहदेवला बघून पोरं हसली. त्याने काही मनावर घेतलं नाही.

पहिल्या दिवशी तो नवव्या चावीशी धापा टाकायला लागला. आठवड्याने बाराव्या चावीपर्यंत गेला. नाताळच्या सुमाराला माथ्यावर पोचला आणि मालनमावशीच्या दारासमोरच्या झाकणावर छत्री टेकवून उभा राहिला. खाली मेट्रोचा डबा खेळण्यातला वाटत होता. त्याला मनापासून बरं वाटलं.

फक्त एक गोष्ट होती, ती त्याने कोणाला सांगितली नाही. चावीवाल्याला टेकडीवर चहा मिळतो. ही जुनी रीत आहे. ज्याच्या हातात पाणी, त्याला दारावरून कोरडा पाठवायचा नाही. सहदेवची पाच घरं ठरलेली होती आणि त्या पाचही घरांनी त्याला चार वर्षांनी बघितल्यावर चुलीवर आधण ठेवलं. माथ्यावर पोचला त्या दिवशी त्याने मालनमावशीला म्हणून बघितलं, “साखर जरा कमी टाक गं.”

“चौतीस वरसं माझा चहा गोड लागला,” मालनमावशी म्हणाली, “आणि आता रिटायर झाल्यावर ग्वाड सोसंना व्हय?”

त्याने चहा घेतला. मग रोजच घेतला. पाच घरं, पाच कप, साखर पडेल तेवढी. घरी मात्र सुलक्षणाच्या हातचा बिनसाखरेचा चहा तो तोंड वाकडं करून प्यायचा आणि ती त्याचं कौतुक करायची. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. ती पुरती पटलेली नव्हती, नाहीतर त्याने लपवलं नसतं.

फेब्रुवारीत रक्त तपासलं. नऊ पॉइंट एक.

डॉक्टर अनुपमांनी रिपोर्ट दोनदा बघितला. “काका, गोळ्या घेताय?”

“एक पण चुकवली नाही.”

“चालता?”

“रोज दीड तास. टेकडी चढतो.”

“आणि भात?”

“तीन महिने बंद,” सुलक्षणा मध्येच म्हणाली. “देवाशपथ सांगते.”

डॉक्टरांनी पेन उचललं. “बरं, काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा.”

सुलक्षणाने सगळं सांगितलं. घावणे पाच, पेज वाडगाभर, भाकऱ्या तीन, आंबोळ्या चार. प्रत्येक पदार्थ ती कसा करते हेही सांगितलं, कारण डॉक्टरीणबाईंना आवड दिसली. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसू आवरायचा प्रयत्न केला. तो फसला.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “घावणे कशाचे?”

“तांदळाचे.”

“पेज?”

“तांदळा…” सुलक्षणा अर्ध्यावरच थांबली.

सुलक्षणाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला सहदेवला दिसला. डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला, आपल्या आईनेही हेच केलं असतं असं सांगितलं, आणि एका कागदावर गोल काढून त्याचं ताट केलं. अर्ध्या ताटात भाज्या, कोशिंबीर. पाव ताटात मासा, डाळ किंवा उसळ. उरलेल्या पाव ताटात धान्य. “भात सोडायचा नाही,” त्या म्हणाल्या. “दुपारी एक वाटी खायचा. एकच. सकाळी नाचणीची भाकरी नाहीतर मुगाचं काहीतरी. आणि जेवलात की लगेच आडवं व्हायचं नाही, दहा मिनिटं पाय मोकळे करायचे.” मग त्यांनी सहदेवकडे बघितलं. “आणखी काही? चहाचं काय?”

“घरात बिनसाखरेचाच असतो,” सहदेव म्हणाला. हे खरंच होतं. घरातलं.

घरी आल्या आल्या सुलक्षणाने घावण्यांचा बिडाचा तवा घासला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकला. तिच्या आईने लग्नात दिलेला तवा होता तो. खाली उतरून ती म्हणाली, “तीन म्हयने मी माज्या हातान तुमका विष घातलंय.”

“असां काय बोलतंस?” सहदेव म्हणाला.

ह्याच वेळी त्याने चहाचं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सगळं खापर घावण्यांवर फुटलेलं होतं आणि ते तिथेच फुटू दिलं तर किती सोयीचं होईल, हा विचार त्याच्या मनात आला. माणूस चांगला असला तरी असे विचार येतात. त्याने तोंड मिटलं.

पुढचे चार दिवस त्याला जड गेले. सुलक्षणाने स्वतःचेही घावणे बंद केले. तिला ना साखर, ना ब्लडप्रेशर. वजनही काटा जेमतेम हलेल इतकं. पण त्याच्या समोर बसून ती मुकाट्याने कोरडी नाचणीची भाकरी चावायची. घावण्याचा पहिला तुकडा नारळाच्या चटणीत बुडवताना तिचा चेहरा कसा उजळायचा हे सहदेवने चाळीस वर्षं बघितलं होतं. सून श्रुतिका म्हणाली, “आई, तुम्ही खा ना, तुम्हाला काय झालंय?” तर सुलक्षणाने नुसती मान हलवली. टेकडीवर चहाचे पाच कप मात्र चालूच होते.

पाचव्या दिवशी दुपारी घरात दोघंच असताना त्याने सांगितलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि ती भाजी चिरत होती.

“सुलू, घावण्यांचा एकट्याचा नाय तां. मी वर चाय पितंय.”

सुलक्षणाचा विळीवरचा हात थांबला. “किती?”

“पाच.”

“साकर?”

“मालनमावशीकडे तीन चमचे. बाकीच्यांकडे दोन-दोन.”

सुलक्षणाने भाजी बाजूला सारली. ती उठली, स्टूल घेतलं, माळ्यावरून तवा काढला, वर्तमानपत्र सोडलं. पीठ कालवलं. ओलं खोबरं खोवून चटणी केली. दोन घावणे घातले, जाळीदार, कडेला कुरकुरीत. ताट घेऊन ती सहदेवच्या समोर बसली आणि दोन्ही घावणे सावकाश, चवीने खाल्ले. सहदेव समोर बसून बघत राहिला. एकही तुकडा मिळणार नाही हे त्याला कळलं होतं आणि ते त्याला मान्य होतं. हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, “उद्या मी येतंय तुमच्यावांगडा.”

चौतीस वर्षांत सुलक्षणा टेकडीवर एकदाही गेली नव्हती. नवऱ्याची नोकरी ती, तिथे आपलं काय काम, असं तिला वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी चप्पल घालून त्याच्या मागोमाग चढायला लागली. तो प्रत्येक झाकणापाशी थांबून सांगत होता. ही चावी उलटी फिरते. ही पहाटे साडेचारची. इथे एकदा पाइप फुटला होता, तेव्हा मी दोन दिवस घरी आलो नव्हतो. सुलक्षणाला ते दोन दिवस चांगले आठवत होते. ती तेव्हा खूप चिडली होती. आता त्या चिंचोळ्या पायऱ्या आणि त्यांच्या कडेने गेलेले पाइप बघून तिला त्या चिडण्याची लाज वाटली, आणि तिने ते त्याला तसं सांगितलंही.

पहिल्या घरातून चहाचा वास आला. सहदेव गडबडला. तो सुलक्षणाकडे बघायला लागला, ती दारातल्या बाईकडे. बाई म्हणाली, “काकी पण आल्या? या ना, चहा टाकते.”

“चहा नको गं बाय,” सुलक्षणा म्हणाली. “पाणी दे. ह्यांनी इतकी वर्षं सोडलं, ते कसं लागतं मला बघायचंय.”

बाईने आत जाऊन माठातलं पाणी घासलेल्या तांब्यातून आणलं, दोघांना. सहदेवने तांब्या हातात घेतला. चौतीस वर्षं त्याने ह्या टेकडीला पाणी दिलं होतं, आणि टेकडीवर बसून त्याने स्वतः कायम चहाच प्यायला होता. त्याने घोट घेतला. पाणी गार होतं, माठाच्या मातीचा वास होता त्याला. बाकीच्या चार घरी त्याने स्वतःच पाणी मागितलं. मालनमावशीने आधी नाक मुरडलं, पण साखरेचं कारण कळल्यावर कमरेवर हात ठेवून त्यालाच झापलं, “मग आधी बोलायचं न्हाई? मी काय तुझी वैरीण हाय?” आणि पाण्याबरोबर काकडी चिरून दिली. पुढे ती रोजच देऊ लागली.

तिथून पुढचे महिने बरे गेले, आणि बऱ्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं थोडंच असतं. सकाळी दोघं टेकडी चढायची. दुपारच्या भाताला सुलक्षणाने माप ठरवलं. जान्हवीच्या बारशाला आलेली, तिचं नाव घातलेली स्टीलची वाटी. सहदेव त्या वाटीतसुद्धा शिखर रचायचा प्रयत्न करायचा आणि सुलक्षणा चमच्याच्या दांड्याने ते सपाट करायची. जान्हवीला हे फार आवडायचं. “आजोबांनी डोंगर केला,” ती ओरडायची आणि आजीला बोलवायची. मेथी, लाल माठ, पडवळ, गवार, बाजारात जे दिसेल ते अर्ध्या ताटात यायला लागलं. कढी तीच, बांगडा तोच. रात्री जेवण झालं की सगळी मिळून नाक्यापर्यंत जाऊन यायची. नीलेश मात्र टीव्हीसमोरच असायचा. ऑफिसमधून दमून आलोय, म्हणायचा. महिन्यातून एका रविवारी सुलक्षणा सहदेवला दोन घावणे द्यायची आणि त्या दुपारी वाटी मांडायची नाही. त्या घावण्यांसाठी तो महिनाभर थांबायचा, आणि थांबल्यामुळे की काय, ते पूर्वीपेक्षा चांगले लागायचे. पट्ट्याला त्याने दोन नवी भोकं पाडून घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. सात पॉइंट एक.

डॉक्टर अनुपमांनी पेढा देता येत नाही म्हणून हात मिळवला. पण घरी येताना सहदेवच्या डोक्यात तो एकच दशांश घोळत होता. संध्याकाळी नीलेश आल्यावर त्याने रिपोर्ट स्वतःच पुढे केला. “सातच्या खाली नाही आली,” तो म्हणाला.

“बाबा, नऊवरून सातवर आणलीत,” श्रुतिका म्हणाली. “डॉक्टर पण खूश असतील.”

नीलेशही बाप होता आणि नोव्हेंबरमधला तो फोन तो विसरला नव्हता. “व्हॅनवाल्याला ह्या वर्षीचं सांगून झालंय,” तो पुटपुटला. “पुढच्या रिपोर्टला बघू ना.”

“सात म्हणजे सात,” सहदेव म्हणाला. “मी कबूल केलं होतं.” तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला रडू येईल असं वाटत होतं आणि ते जान्हवीने बघू नये अशी त्याची इच्छा होती.

नीलेशला ते दिसलं असावं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी झोपायला जाताना तो म्हणाला, “बाबा, उद्या मी येतो तुमच्याबरोबर. बघू तरी रोज काय चढता ते.”

रविवारी सुलक्षणा मुद्दाम घरी थांबली. बापलेक सहाला निघाले. नीलेशच्या पायात महागाचे बूट होते, घेतल्यापासून खोक्यातच असलेले. पाचव्या चावीपर्यंत तो बोलत होता. आठव्या चावीपासून त्याने बोलणं बंद केलं. अकराव्या चावीशी तो पाइपला टेकून उभा राहिला आणि फोन बघितल्यासारखं केलं. सोळाव्या चावीशी जिथे सलग साठ पायऱ्या आहेत, तिथे तो अर्ध्यात मटकन खाली बसला. शर्ट पाठीला चिकटला होता. तोंडाने श्वास चालला होता. सहदेव चार पायऱ्या वर पोचला होता, तो खाली आला आणि पोराशेजारी उभा राहिला. त्याला गंमत वाटली नाही. त्याने नीलेशच्या पाठीवर हात ठेवला. घरं जागी होत होती. एका दारातून कोणीतरी विचारलं, “काका, चहा आणू का?”

“त्याला आधी पाणी दे,” सहदेव म्हणाला.

पाणी पिऊन झाल्यावर नीलेशने वर बघितलं. “बाबा, त्या दिवशी तुम्हाला असंच झालं होतं?”

“नाही रे. त्या दिवशी मला काही दिसतच नव्हतं. तू नुसता दमलायस. खुर्चीतून उठलास की होशील ठीक.” नीलेश शरमिंदा होऊन हसला. सहदेव पुढे म्हणाला, “पण तू बरोबर केलंस. मी असतो तर मी पण पोरगी दिली नसती.”

नीलेशने तांब्या परत देऊन फोन काढला. “हॅलो, जान्हवीचा पप्पा बोलतोय. उद्यापासून ना, फक्त सकाळचं ठेवा. दुपारी तिचे आजोबा येतील.” फोन खिशात टाकून तो उठायला लागला आणि गुडघे धरून पुन्हा बसला. “उरलेल्या सहा चाव्यांचं काय?”

“त्या पुढच्या रविवारी,” सहदेव म्हणाला. “चल, हळूहळू उतरू.”

सोमवारी साडेबाराला सहदेव शाळेच्या फाटकाशी पंधरा मिनिटं आधीच उभा होता. धुतलेला शर्ट, हातात छत्री. जान्हवी बाहेर आली, त्याला बघून थबकली, आणि मग इतक्या जोरात पळत आली की बाईंना ओरडावं लागलं. घरी जाताना तिने सात महिन्यांचं साठलेलं सगळं विचारून घेतलं. व्हॅनमधला वरदान कसा चिमटे काढतो तेही सांगितलं. ती अखंड बोलत होती. चष्म्याचं दुकान दिसलं आणि ती गप्प झाली.

तिने त्याचं बोट घट्ट आवळलं. त्याच जागेपाशी ती थांबली आणि गळ्यातली बाटली काढली.

“आजोबा, इथे बसायचंय?”

ते विसरायला तिला सात महिने पुरतील, पोरंबाळं विसरतात, असं सहदेव धरून चालला होता. “नाही गं,” तो म्हणाला. “आता नाही बसायचं.”

“मग पाणी तरी प्या.”

तिने झाकण उघडलं. त्याने दोन घोट घेतले आणि बाटली परत दिली. तिने झाकण लावलं, नीट बसलंय का ते दोनदा फिरवून बघितलं, बाटली गळ्यात अडकवली आणि त्याचं बोट पुन्हा धरलं.

“उद्या पण तुम्हीच येणार?”

“मीच येणार,” सहदेव म्हणाला, आणि दोघं चालायला लागली. घरी सुलक्षणाने वाटी मांडून ठेवली होती.